जुना लॅपटॉप मंद झालाय? टाकून देण्याआधी एवढे करून पाहा



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एक जुना लॅपटॉप असतोच. कधी काळी हौसेने घेतलेला. मुलांना नवा मिळाला की हा जेवणाच्या टेबलावर येतो आणि तिथून हळूहळू बेसमेंटमध्ये जातो. भारतातून आई-बाबा आले की पुन्हा बाहेर निघतो, कारण त्यांना पेपर वाचायचा असतो, मालिका बघायच्या असतात, पुण्या-नागपुरातल्या मंडळींशी बोलायचे असते. आणि मग सुरू होते ती खरी परीक्षा! बटण दाबून चहा टाकावा, चहा उकळून, गाळून, पिऊन व्हावा, तरी पडद्यावरचे चक्र आपले फिरतेच आहे.

मंडळाच्या कार्यक्रमांत आम्ही काही जण एका कोपऱ्यात टेबल मांडून बसतो आणि असे लॅपटॉप तपासून देतो. आमच्यापैकी कोणी या धंद्यातले नाही, पण बरीच मशिन हाताखालून गेल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. लॅपटॉप नुसता म्हातारा झाला म्हणून मंद होत नाही. बहुतेक वेळा त्यातला एकच भाग सगळ्यांना अडवून धरतो. तो भाग ओळखला तर थोड्या खर्चात मशिन आणखी काही वर्षे कामाला येते. न ओळखता काहीबाही करत बसलो तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला! शिवाय त्या गडबडीत जे परत मिळणार नाही असे काहीतरी हातचे जाऊ शकते.

काकूंचा लॅपटॉप

हे शेवटचे वाक्य आम्ही एका अनुभवावरून लिहीत आहोत. आपल्याच एका काकू लॅपटॉप घेऊन आल्या. सुरू व्हायला दहा-बारा मिनिटे, मध्येच अडकायचा. एका दुकानात त्यांना सांगितले होते, "सगळे पुसून विंडोज नव्याने टाकू, मग पळेल." काकू तयारही होत्या. आम्ही सहज विचारले, "काकू, यात ठेवण्यासारखे काही आहे का?" त्या म्हणाल्या, "विशेष काही नाही. बाबांचे थोडे लिखाण आहे."

काकूंचे वडील काही हिवाळे इथे राहून गेले होते. बाहेर बर्फ, घरात सगळे कामाला गेलेले. तेव्हा त्यांनी या लॅपटॉपवर एकेक बोट शोधत आपल्या आठवणी टाइप केल्या होत्या. गावची शाळा, पहिली नोकरी, १९६१ साली पानशेत धरण फुटले तेव्हा पुण्यात पाहिलेला पूर. बाबा आता नाहीत. त्या लिखाणाची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

आम्ही हार्ड डिस्कची तपासणी केली तर ती शेवटच्या घटका मोजत होती. मंदपणाचे कारण तेच होते. त्या डिस्कवर विंडोज पुन्हा टाकले असते तर लिखाण तर गेलेच असते, आणि मशिनही चार दिवसांत पुन्हा बसले असते. म्हणून मंडळी, आमचा क्रम नेहमी हाच: आधी जपा, मग रोग शोधा, आणि खर्च सगळ्यात शेवटी.

(हा लेख विंडोजच्या लॅपटॉपविषयी आहे. अॅपलच्या मशिनना यातले सगळे लागू पडत नाही.)

पहिली पायरी: आधी जपा

एक बाहेरची यूएसबी डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह घ्या आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओ आणि डाउनलोड्स हे फोल्डर त्यावर उतरवा. सगळ्यांत मौल्यवान ते आधी. डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल किंवा फाइल उघडताना मशिन गोठत असेल, तर इतर कोणताही उपाय करू नका. व्हायरसची पूर्ण तपासणी नको, डिफ्रॅगमेंट तर मुळीच नको. आजारी डिस्कला जास्त पळवले की ती लवकर मरते. प्रत काढल्यावर ती दुसऱ्या मशिनवर उघडून बघा. शक्य तर दुसरी एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा.

लोक हमखास विसरतात अशा तीन गोष्टी सांगतो.

एक, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि पत्त्यांची यादी.

दोन, जुनी ई-पत्रे. आउटलुकसारख्या प्रोग्राममध्ये पत्रे उतरवून वाचत असाल तर ती लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये असू शकतात आणि ती फाइल नेहमीच्या फोल्डरांत दिसेलच असे नाही.

तीन, आणि हे खास आपल्या मराठी माणसांसाठी: जुने फॉन्ट! युनिकोड सर्रास वापरात येण्याआधी आपण श्रीलिपी, शिवाजी, किरण अशा फॉन्टमध्ये टाइप करत होतो. त्या फाइलींत आतून मराठी अक्षरे नसतातच. असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे, आणि फॉन्ट त्यांना मराठीचा पोशाख चढवतो. फॉन्ट नसेल तर दुसऱ्या मशिनवर नुसता अगम्य कचरा दिसतो. काकूंच्या बाबतीत नेमके हेच झाले. फाइल वाचली, पण उघडल्यावर एक शब्द कळेना. काकूंचा चेहरा पडला. मग जुन्या मशिनमधला फॉन्ट नव्यावर आणून बसवला आणि पानशेतचा पूर पुन्हा मराठीत आला.

म्हणून विंडोजच्या फोल्डरातले फॉन्ट्सचे फोल्डर उघडून आपले मराठी फॉन्टही उतरवून घ्या. शिवाय महत्त्वाची फाइल जुन्याच मशिनवर उघडून तिची पीडीएफ करा. फॉन्ट सहसा पीडीएफमध्येच साठवला जातो, त्यामुळे ती कुठेही वाचता येते. सवडीने मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतलात तर फारच उत्तम.

दुसरी पायरी: रोग शोधा

लॅपटॉप सुरू करून दहा मिनिटे शांत राहू द्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी दिसली तर खालच्या 'मोअर डिटेल्स'वर टिचकी मारा. वरच्या बाजूला सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे टक्के दिसतात. आता नेहमीचे काम सुरू करा आणि कोणता आकडा शंभराकडे जातो ते बघा.

डिस्क सतत १०० टक्के आणि बाकीचे आकडे कमी असतील, तर हार्ड डिस्क अडवते आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये आम्हाला बहुतेक वेळा हेच दिसते.

मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडते आहे. जागा पुरेना की विंडोज काही माहिती डिस्कवर ठेवू लागते, म्हणजे डिस्कवर आणखी भार. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

सीपीयू काही न करता ५०-६० टक्के असेल, तर खाली यादीत कोणता प्रोग्राम तो खातो आहे ते दिसेल.

सगळे आकडे कमी, पंखा मात्र जोरात आणि मशिन गरम असेल, तर उष्णतेचा प्रश्न असू शकतो. जळून जाऊ नये म्हणून प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो.

डिस्कची प्रकृती बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो डिस्कने स्वतःच ठेवलेली नोंदवही वाचून दाखवतो. तिथे 'गुड'ऐवजी 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसले तर डिस्क बदलायची हे ठरलेच.

तिसरी पायरी: फुकटचे उपाय

१. रिस्टार्ट करा. हे वाचून हसू नका. विंडोज १० आणि ११ मध्ये 'शट डाउन' केल्यावरही बहुधा मशिन पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही. लवकर उठता यावे म्हणून विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते. 'रिस्टार्ट'ने मात्र सगळी पाटी कोरी होते.

२. सुरुवातीची गर्दी कमी करा. टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' असा भाग आहे. तिथली संगीताची, गप्पांची, प्रिंटरची आणि 'अपडेटर' नावाची मंडळी बंद करा. बंद केले म्हणजे काढून टाकले असे नाही, हवे तेव्हा ते प्रोग्राम उघडता येतात. ज्याचे नाव ओळखीचे नाही त्याला मात्र माहिती काढल्याशिवाय हात लावू नका.

३. एका म्यानात दोन तलवारी नकोत. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हे व्हायरसविरोधी साधन आधीच असते. त्यावर आणखी दोन बसवली की प्रत्येक फाइल पुन्हा पुन्हा तपासली जाते. विकत घेताना फुकट आलेले आणि मुदत संपलेले अँटिव्हायरस काढून टाका.

४. डिस्कवर जागा ठेवा. साधारण १५ ते २० टक्के जागा रिकामी असावी. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि त्यात 'स्टोरेज' इथे तात्पुरत्या फाइली काढण्याची सोय आहे. कचऱ्याची टोपलीही रिकामी करा, पण आत काय आहे ते बघून!

५. ब्राउझर आवरा. तीस टॅब उघडे आणि वर सात-आठ एक्स्टेन्शन्स, म्हणजे जुन्या मशिनवर वऱ्हाड बसवल्यासारखे आहे. नको ती एक्स्टेन्शन्स काढा.

६. धूळ काढा. मशिन बंद करून चार्जर काढा. हवेच्या डब्याने जाळीतून थोड्या थोड्या वेळाने फवारा मारा. पाते दिसत असेल तर ते टूथपिकने धरून ठेवा, म्हणजे पंखा भलत्याच वेगाने फिरून बिघडणार नाही. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नका, खालची हवेची वाट बंद होते.

७. चार्जर तपासा. काही लॅपटॉप चार्जर ओळखीचा वाटला नाही किंवा कमी वॅटचा असला तर मुद्दाम सावकाश चालतात. मूळ चार्जर हरवून दुसराच लावला असेल तर हे कारण असू शकते.

हे मात्र करू नका

"एका टिचकीत वेग दुप्पट" असे सांगणारे आणि रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्राम घेऊ नका. रजिस्ट्रीतल्या जुन्या नोंदींनी मशिन जाणवण्याइतके मंद होत नाही. चुकीची नोंद पुसली गेली तर मात्र विंडोज बिघडते.

दुसरे त्याहून महत्त्वाचे. पडद्यावर अचानक भोंगा वाजतो, "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा" असे येते, किंवा कोणी स्वतःहून फोन करून "तुमचा कॉम्प्युटर स्लो झाला आहे, आम्ही दुरुस्त करतो" म्हणतो. ही फसवणूक आहे. खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. फोन ठेवा, आणि खिडकी बंद होत नसेल तर बटण दाबून धरून मशिनच बंद करा. घरात एकट्या असलेल्या आजी-आजोबांना हे समजावून सांगा. बोलणारा हिंदीत किंवा मराठीत गोड बोलला की आपली माणसे विश्वास टाकतात.

चौथी पायरी: खर्च करण्यासारखी गोष्ट

डिस्क अडवत असेल तर उपाय एकच, आणि तो फार गुणकारी आहे: हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवणे.

फरक एवढा मोठा का, ते सांगतो. जुन्या लॅपटॉपमधली डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत थांबावे लागते आणि सुईलाही योग्य ठिकाणी सरकावे लागते. त्यामुळे एका सेकंदात ती जेमतेम साठ-सत्तर वेगवेगळ्या जागा वाचू शकते. विंडोज सुरू होताना मात्र हजारो लहान लहान फाइली मागते. गावच्या वाचनालयातला शिपाई आठवा. प्रत्येक पुस्तकासाठी तो उठणार, मांडणीपर्यंत चालत जाणार, शोधून आणणार. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. एखादी जागा वाचायला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो. शिपायाऐवजी सगळी पुस्तके हाताशीच!

घेण्यापूर्वी आपल्या मॉडेलची माहिती वाचून कोणत्या प्रकारची डिस्क बसते ते बघा. जुन्या मशिनमध्ये बहुधा अडीच इंची साटा जातीची बसते. अलीकडच्यांत एम डॉट टू नावाची पट्टीसारखी असते, आणि तिच्यातही साटा व एनव्हीएमई असे दोन प्रकार असल्याने नीट पाहून घ्या. २५६ जीबी साध्या कामाला पुरते, फोटो भरपूर असतील तर ५०० जीबी बरी. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवण थेट बोर्डावरच चिकटवलेली असते, तिथे हा उपाय चालत नाही.

बसवण्याचे दोन मार्ग आहेत. जुनी डिस्क धडधाकट असेल तर यूएसबी केबलने एसएसडी जोडून जशीच्या तशी नक्कल करता येते. अनेक एसएसडीबरोबर त्यासाठी प्रोग्राम मिळतो, आणि क्लोनझिला हा मोफत आहे. जुनी डिस्क आजारी असेल तर विंडोज नव्याने टाकावे आणि फाइली बॅकअपमधून घ्याव्यात. दोन्हींच्या आधी सेटिंग्जमध्ये एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा. असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर आपल्याच फाइली आपल्यालाच उघडणार नाहीत.

मेमरी भरत असेल तर रॅम वाढवा. आज ४ जीबी अपुरी पडते, ८ जीबीमध्ये घरगुती काम सुखाने चालते. मात्र डीडीआर३ आणि डीडीआर४ हे प्रकार एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बदलताच येत नाही. विंडोज ३२ बिटचे असेल तर ४ जीबीपुढची रॅम तशीही वापरली जात नाही.

विंडोज १० चे काय?

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अद्यतने घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने जाहीर केली होती. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. म्हणजे २०१७च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप त्यात अधिकृतपणे बसत नाहीत. एसएसडी घेण्यापूर्वी हा विचार करा, कारण अद्यतने नसलेल्या मशिनवर बँकेचे व्यवहार करणे बरे नव्हे.

अशा मशिनला लिनक्स मिंट चांगले मानवते. ते मोफत आहे, आणि पेन ड्राइव्हवरून सुरू करून आधी नुसते चालवून बघता येते. पेपर वाचणे, यूट्यूब, ईमेल, व्हिडिओवर बोलणे हे सगळे होते. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्यात आहे. विंडोजसाठी घेतलेला टॅक्सचा प्रोग्राम मात्र त्यावर चालेल असे धरू नका.

भारतात पाठवायचा किंवा कोणाला द्यायचा असेल तर

चार्जरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिले आहे का बघा. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि भारतात २३०. बहुतेक चार्जर दोन्हीकडे चालतात, फक्त पिन बदलावी लागते. लॅपटॉप हातातल्या सामानात ठेवा. सुटी लिथियम बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाही. बॅटरी फुगून तळ किंवा कीबोर्ड वर आला असेल तर मशिन वापरू नका, दाबू नका, विमानात तर नेऊच नका. ती बॅटरी पुनर्वापर केंद्रातच द्यावी. परक्या हाती देण्याआधी विंडोजच्या 'रिसेट'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून डेटा साफ करण्याचा पर्यायही चालू करा.

आणि मशिन सोडून द्यावे कधी? पडदा, बिजागरी आणि बॅटरी असे तिन्ही गेले असतील, किंवा रॅम आणि डिस्क दोन्ही बदलता येत नसतील, तर त्यावर पैसे घालू नका. फाइली काढून घ्या आणि त्याला निरोप द्या.

काकूंच्या लॅपटॉपमध्ये नवी एसएसडी बसली. आता तो मिनिटभराच्या आत सुरू होतो, आणि काकू त्यावरच बाबांचे लिखाण युनिकोडमध्ये उतरवत आहेत. रोज एक पान. नातवंडांना वाचता यावे म्हणून शेजारी इंग्रजीतही लिहितात. लॅपटॉप आणखी चार वर्षे टिकेल की पाच, ते सांगता येत नाही. पण लिखाणाच्या आता तीन प्रती आहेत, त्यातली एक पुण्यात त्यांच्या भावाकडे.

तेव्हा मंडळी, या शनिवार-रविवारी तो जुना लॅपटॉप बाहेर काढा. वेग वाढवण्याचे नंतर बघू, आधी त्यात कोणाचे काय राहिले आहे ते बघा. अडले तर पुढच्या कार्यक्रमाला घेऊन या, कोपऱ्यातल्या टेबलावर आम्ही आहोतच. येताना चार्जर विसरू नका!